खलनायकाला बढती

छातीत लाकडी खुंटी ठोकून ज्याला काही आठवड्यांत संपवायचं ठरलं होतं, तो खलनायक पडद्यावर जवळजवळ चार वर्षं टिकला. तो आला तेव्हाचा नायक त्याच वर्षी विमान अपघातात गेला. नायिका पुढे भूतकाळात निघून गेली, ती गेलीच. हा मात्र लांडग्याच्या चंदेरी डोक्याची काठी टेकवत दिवाणखान्यात मानाच्या जागी येऊन उभा राहिला.

बार्नाबस कॉलिन्स हे त्याचं नाव आणि ‘डार्क शॅडोज’ ही त्याची मालिका. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी ती सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या वेळी, जाहिरातींसकट अर्धा तास, एकूण १,२२५ भाग. तिकडे दुपारच्या मालिका म्हणजे गृहिणींसाठी रांधलेला माल. लग्नं, घटस्फोट, इस्पितळं, लपवून ठेवलेली मुलं. या मालिकेने त्याच वेळेत, त्याच तुटपुंज्या पैशांत, भुतं, चेटकीण, व्हॅम्पायर आणि माणूस-लांडगा आणून बसवले. शाळा सुटल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी पोरं तिची हक्काची प्रेक्षक झाली. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९६९ साली बार्नाबसच्या नावाने एक बैठा खेळ काढला, त्यात प्लास्टिकचे सुळेसुद्धा होते. बापाला काळजी वाटावी असा खलनायक पोराच्या तोंडात जाऊन बसला होता.

या पुस्तकात त्या मालिकेचे खलनायक आणि तिच्या कथेने घेतलेल्या कलाटण्या यांचाच विचार केला आहे. सगळी गोष्ट क्रमाने सांगायचा मोह टाळला आहे, कारण ती सांगायला गेलं तर ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला हात जोडतो. पण इतक्या गुंत्यातही एक सूत्र सापडतं, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच सूत्राभोवती फिरतात. या मालिकेत खलनायकाला शिक्षा होत नाही, बढती मिळते. प्रेक्षकांचा एखाद्या दुष्टावर जीव जडला की लेखक त्याला मारू शकत नाहीत. मारता येत नाही म्हटल्यावर त्याला थोडा चांगला करावा लागतो. तो चांगला झाला की त्याची खुर्ची रिकामी होते, आणि तिच्यावर बसवायला शेरास सव्वाशेर शोधावा लागतो. मग प्रेक्षकांचा त्या सव्वाशेरावरही जीव जडतो.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. निर्माता डॅन कर्टिस याला एक स्वप्न पडलं. आगगाडीतून एकटीच प्रवास करणारी काळ्याभोर केसांची एक तरुणी. या एवढ्याशा भांडवलावर त्याने वाहिनीला मालिका विकली आणि आर्ट वॉलेस या लेखकाने तिला कथेचा सांगाडा दिला. ती तरुणी म्हणजे व्हिक्टोरिया विंटर्स. ती अनाथालयात वाढलेली. मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक मच्छीमार गावात, कड्यावरच्या कॉलिनवुड नावाच्या वाड्यात, एका हट्टी मुलाला शिकवायला ती येते. घरची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षं घराबाहेर पडलेली नाही. तिचा भाऊ रॉजर काहीतरी लपवतो आहे. ‘जेन एअर’ वाचलेल्या कोणालाही ही वाट ओळखीची वाटेल. एलिझाबेथच्या भूमिकेत जोन बेनेट होती. फ्रिट्झ लांगच्या ‘स्कार्लेट स्ट्रीट’मध्ये पुरुषाला देशोधडीला लावणारी हीच बाई आता शाल पांघरून जिन्यावर उभी राहत असे, आणि नुसती उभी राहिली तरी दुपारच्या मालिकेला सिनेमाचं वजन यायचं.

पहिल्या वर्षाचे खलनायक माणसंच होती. रॉजरने आपल्या हातून झालेल्या मोटार अपघाताचा दोष बर्क डेव्हलिनवर ढकलून त्याला तुरुंगात धाडलेलं. बर्क सूड घ्यायला परत आलेला. एका खुनाच्या तपासात एक चांदीचं फाउंटन पेन पुरावा म्हणून येतं आणि मग ते पेन लपवणं, पुरणं, पुन्हा उकरणं यात आठवड्यांमागून आठवडे जातात. खरं सांगायचं तर हे भाग बघताना डुलकी लागते. पण सूत्राचा पहिला धागा इथेच हाती येतो. भेकड, खोटारडा रॉजर लुई एडमंड्सने इतक्या मजेत रंगवला की पुढे तोच ब्रँडीचा पेला हातात घेऊन तिरकस शेरे मारणारा, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा मामा होऊन बसला. त्याच्या जुन्या पापांची आठवण मग कोणी काढली नाही.

रेटिंग मिळत नव्हतं, म्हणून भुतं आली. आधी बिचकत. जोझेट नावाच्या पूर्वज स्त्रीची आकृती जुन्या घरातल्या तसबिरीतून खाली उतरली. मग खुनी नोकर मॅथ्यू मॉर्गन याला भुतांनी घेरलं आणि तो भीतीने मेला. १९६६च्या अखेरीस रॉजरची सोडून गेलेली बायको लॉरा मुलाला न्यायला परतली. ही बाई फिनिक्स पक्ष्यासारखी दर काही पिढ्यांनी आगीत जळते, पुन्हा जन्मते, आणि जळताना पोटच्या पोराला सोबत नेते. आई हीच मुलाचा काळ, ही कल्पना आजही अंगावर येते. डायना मिलेने तिला हळू आवाजात, डोळे शेकोटीवर रोखून उभं केलं. मालिकेची ही पहिली खरी अमानवी खलनायिका. तिला मात्र बढती मिळाली नाही. मार्च १९६७मध्ये ती झोपडीसकट जळाली. कथा चोख संपली, आणि लगेच दुसरी कुठून आणायची हा प्रश्न उभा राहिला.

त्या फटीत जेसन मॅग्वायर हा थापाड्या शिरला. एलिझाबेथने अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याला मारलं आणि आपण त्याला तळघरात पुरलं, हे गुपित तो जाणतो, आणि त्याच्या बळावर तिच्याशी लग्न करून घर बळकावायला निघतो. भर लग्नात ती सगळं कबूल करते. तळघर खणतात. पेटीत काहीच नसतं. नवरा मेलेलाच नव्हता, दोघांनी मिळून तिला फसवलं होतं! वाड्यात कोंडून घेतलेली तिची अठरा वर्षं एका रिकाम्या ट्रंकेसाठी गेली. माझ्या मते या मालिकेतली ही सर्वांत क्रूर कलाटणी आहे आणि तिच्यात एकही भूत नाही. गंमत पुढे आहे. १९६९ साली तो पळालेला नवरा अखेर परत येतो, तेव्हा त्याची भूमिका जेसन झालेल्या डेनिस पॅट्रिकलाच दिलेली असते. चोर आणि त्याचा साथीदार एकाच चेहऱ्याचे.

जेसनबरोबर विली लूमिस नावाचा एक भुरटा आला होता. कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात दागिने पुरलेत अशी त्याची समजूत. एप्रिल १९६७मध्ये तो तिथल्या गुप्त खोलीत शिरतो, साखळ्यांनी बांधलेली शवपेटी उघडतो, आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. तो हात बार्नाबस झालेल्या जोनाथन फ्रिडचा नव्हता; एका बदली नटाचा होता. फ्रिड दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलच्या भागात, कॉलिनवुडच्या दारावर थाप मारून अदबीने आत आला आणि आपण इंग्लंडहून आलेले चुलत भाऊ आहोत म्हणून सांगितलं. हॉलमधल्या तसबिरीतल्या पूर्वजासारखेच दिसता, असं सगळे कौतुकाने म्हणाले. कोणालाही शंका आली नाही. कॉलिन्स कुटुंबाला शंका कधीच येत नाही, हे वाचकाने एकदा गृहीत धरलेलं बरं.

फ्रिड कॅनडातला, शेक्सपिअर करणारा रंगभूमीचा नट. काही आठवड्यांचं काम म्हणून त्याने हे घेतलं. त्याला संवाद पाठ होत नसत. रोज नवा भाग, रोज नवं बाड, आणि चित्रण जवळजवळ जिवंत प्रयोगासारखं. टेप कापून जोडणं महाग आणि किचकट असल्यामुळे प्रवेश सुरू झाला की तो पार पाडायचाच. म्हणून या मालिकेत माइकची सावली भिंतीवर नाचते, थडग्याचा दगड धक्का लागून हलतो, नटाच्या कपाळावर माशी बसते आणि तो तिच्यासकट संवाद पुरा करतो. फ्रिड वाक्याच्या मध्येच थांबायचा, नजर टेलिप्रॉम्प्टरकडे वळायची, चेहऱ्यावर घालमेल दिसायची. प्रेक्षकांना त्यात दीडशे वर्षांचं दुःख दिसलं. मराठी नाटकं बघत वाढलेल्या वाचकाला हे नवल वाटू नये. शब्द विसरलेला चांगला नट कधीकधी शब्द आठवणाऱ्यापेक्षा जास्त बोलून जातो.

पण त्या पहिल्या उन्हाळ्यात बार्नाबस खराखुरा राक्षस होता, हे विसरू नये. गावातल्या मॅगी इव्हान्सला त्याने पळवून आणलं, जोझेटचे कपडे घातले, तिच्या कानाशी जोझेटच्या संगीतपेटीचे सूर वाजवले, ‘तू मॅगी नाहीस’ हे तिच्या मनावर बिंबवायचा प्रयत्न केला, आणि ती बधली नाही तेव्हा तळघरात कोंडून घातलं. जेसनला त्याने गळा दाबून मारलं. विलीला काठीने झोडपलं. हे भाग कृष्णधवल आहेत आणि आजही बघताना गुदमरायला होतं, कारण यात व्हॅम्पायर दुय्यम आहे. एका पुरुषाला एका बाईच्या अंगात दुसरीच बाई हवी आहे, आणि त्यासाठी तो पहिलीला पुसून टाकायला निघाला आहे. याच वेळी प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली, मॅगीसाठी नव्हेत, त्याच्यासाठी.

आता त्याला मारता येईना. लेखकांनी पहिली युक्ती काढली ती डॉक्टर जूलिया हॉफमन हिची. ग्रेसन हॉल या नटीला ‘द नाइट ऑफ द इग्वाना’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ती इथे मॅगीवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून आली. बार्नाबस कोण आहे हे तिला आरशात कळतं, म्हणजे तो आरशात दिसत नाही तेव्हा. पण खुंटी घेऊन धावण्याऐवजी ती त्याला सांगते की हा रक्ताचा आजार आहे, मी इंजेक्शनं देऊन तो बरा करीन. राक्षसाचा रोगी झाला. एकदा तो रोगी झाला की त्याच्यावर रागावणं अवघड, आणि जूलिया त्याच्या प्रेमात पडली म्हटल्यावर तर फारच अवघड. पण या दोघांची जोडी लागते ती एका खुनाने. सत्य कळलेल्या डॉक्टर वुडर्डला मारण्याची सुई जूलिया तयार करते आणि बार्नाबस टोचतो. पुढची तीन वर्षं ही दोघं मालिकेची नैतिक बाजू सांभाळतात! डॉक्टर वुडर्डचा हिशेब कोणी मागत नाही. जूलियाच्या प्रकरणात मी त्या सुईवर जरा जास्तच रेंगाळलो आहे. मला ती मालिकेच्या मध्यभागी टोचलेली वाटते.

दुसरी युक्ती धाडसाची होती. नोव्हेंबर १९६७मध्ये कॉलिनवुडमध्ये प्लँचेट होतं, दिवे जातात, आणि दिवे आल्यावर व्हिक्टोरियाच्या जागी कोणीतरी भलतीच बाई बसलेली असते. व्हिक्टोरिया १७९५ सालात पोहोचलेली असते. रोजच्या मालिकेने आपला वर्तमानकाळ गुंडाळून ठेवला आणि चार महिन्यांहून जास्त काळ ती अठराव्या शतकात राहिली. नट तेच, भूमिका पूर्वजांच्या. मॅगी झालेली कॅथरिन ली स्कॉट आता जोझेट, म्हणजे मॅगीचा छळ ज्या साम्यामुळे झाला त्याचा उलगडा झाला. रॉजर झालेला एडमंड्स आता बार्नाबसचा कठोर बाप जोशुआ. या काळात खरं म्हणजे कुठलंही रहस्य उरलेलं नव्हतं. कोण मरणार हे थडग्यांवरच्या नावांवरून आधीच माहीत होतं. तरीही माणसं रोज बघत होती. बार्नाबसची लहान बहीण सारा आजारपणात जाते, आई नाओमी विष घेते, आणि बाप आपल्या मुलाची शवपेटी साखळ्यांनी बांधायचा हुकूम देतो. मुलाला मारण्याचं धैर्य त्याच्यात नसतं. विलीने १९६७ साली ज्या साखळ्या तोडल्या त्या बापाने प्रेमापोटी बांधल्या होत्या हे कळतं, तेव्हा तो पहिला प्रवेश मनात पुन्हा बघावा लागतो.

आधी गाडलेल्या माणसाला परत आणण्यासाठी कथा मागे नेण्याची युक्ती आपल्याकडेही चांगली ओळखीची आहे. झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग २०१६ साली अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाला, आणि २०१९च्या दुसऱ्या भागात अण्णा जिवंत, मिशीला पीळ देत, आख्खं गाव नाचवताना दिसले. माणूस वाईट आहे हे पडद्यावर रोज दिसत होतं, तरी घरोघर वाट त्याचीच बघितली जात होती. कोकणातला वाडा आणि मेनमधला वाडा यांचा काही संबंध नाही. रोजच्या मालिकेचं अर्थकारण मात्र दोन्हीकडे सारखंच.

तर १७९५ने बार्नाबसला निर्दोष ठरवलं. त्याची खुर्ची कोणाला दिली? अँजेलिकला. मार्टिनिक बेटावरून आलेली ही जोझेटची दासी. बार्नाबसने तिथे तिच्याशी संबंध ठेवले आणि मग लग्न तिच्या मालकिणीशी ठरवलं. ती चेटूक जाणते. ती जोझेटला बार्नाबसच्या काकाच्या प्रेमात पाडते, द्वंद्वात काकाचा बळी जातो, आणि शेवटी बार्नाबस तिच्यावर गोळी झाडतो तेव्हा ती त्याला शाप देते: जो कोणी तुझ्यावर प्रेम करील तो मरेल. खिडकीतून वटवाघूळ येतं. लारा पार्करचे निळे डोळे मोठे होतात तेव्हा स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंती दिसेनाशा होतात.

मालिकेला अँजेलिक वाईट हवी होती, म्हणजे बार्नाबस चांगला ठरेल. पण तिची तक्रार खोटी नव्हती, आणि ती मालिकेला पुरती दडपता आली नाही. घरच्या मुलाने मोलकरणीला वापरून सोडून दिलं. मोलकरणीजवळ दाद मागायला दुसरं न्यायालय नव्हतं. लेखकांनी हा प्रश्न कधी तोंडाने विचारला नाही, पण तिला पुन्हा पुन्हा परत आणलं, हेच मला उत्तरासारखं वाटतं. १९६८ साली ती काळा टोप घालून कॅसॅन्ड्रा या नावाने रॉजरची बायको म्हणून घरात आली. मग तिलाही वरिष्ठ मिळाला. निकोलस ब्लेअर, मिशा कोरलेला, गोडबोल्या, सैतानाचा कारभारी. हंबर्ट अ‍ॅलन अ‍ॅस्ट्रेडोने तो मोठ्या चवीने केला. त्याने शिक्षा म्हणून अँजेलिकलाच व्हॅम्पायर करून टाकलं. जिने शाप दिला तिच्याच तोंडात सुळे आले, आणि तिथून प्रेक्षकांना तिचीही कीव येऊ लागली. त्याच वर्षीच्या अ‍ॅडम आणि ईव्हच्या फ्रँकेन्स्टाइनी भानगडीवर मी फार पानं खर्च केलेली नाहीत. अ‍ॅडम निर्माण झाल्यामुळे बार्नाबस काही काळ साधा माणूस झाला आणि पार अळणी झाला, एवढं पुरे.

धर्माच्या नावाने दुष्टपणा करणारा रेव्हरंड ट्रास्क हा मात्र बढतीला कधीच पात्र ठरला नाही. जेरी लेसीने रंगवलेला हा चेटकीण-शिकारी निरपराध व्हिक्टोरियाला फासापर्यंत पोहोचवतो. बार्नाबस त्याला तळघरात भिंतीत चिणतो, एडगर अ‍ॅलन पोच्या एका कथेची ही सरळ उचलेगिरी. पुढे १८९७ आणि १८४०च्या कथांतही एकेक ट्रास्क येतो, नट तोच, ढोंग तेच. चेटकीण सुधारते, व्हॅम्पायर सुधारतो, सैतानाचा माणूससुद्धा प्रेमात पडतो. हा उपदेशक तसाच राहतो. अमेरिकन दुपारच्या टीव्हीवर हे बिनबोभाट खपून गेलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

उचलेगिरीचं म्हणाल तर या मालिकेने काही सोडलं नाही. ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’, ‘डोरियन ग्रे’, ‘रेबेका’, ‘वदरिंग हाइट्स’, लव्हक्राफ्ट. दोन-तीन लेखक आठवड्याला पाच भाग लिहीत होते. शेल्फवर हात जाईल ते पुस्तक कामाला येई. पण घेतलेल्या वस्तूची जागा बदलली की तिचा अर्थ बदलतो, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे क्वेंटिन कॉलिन्स. १९६८च्या अखेरीस तो जेम्सच्या कथेतून उचललेलं भूत म्हणून आला: बंद पडलेल्या दालनात मुलांना भुरळ घालणारा, कल्ले राखलेला, देखणा, आणि आठवडेच्या आठवडे मुका. त्याचा आवाज म्हणजे ग्रामोफोनवरचं एक वॉल्ट्झ. रॉबर्ट कोबर्टची ती चाल १९६९ साली बिलबोर्डच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढली. आता या भुतापासून मुलाला वाचवायला भूतकाळात कोण जाणार? बार्नाबस. दोन वर्षांपूर्वी मॅगीला तळघरात कोंडणारा माणूस अधिकृतपणे घराचा रक्षक झाला.

१८९७ची ही कथा मार्च ते नोव्हेंबर १९६९ चालली आणि मालिकेचं तेच शिखर आहे. जिवंत क्वेंटिन निघाला उनाड, गोड, बेजबाबदार. त्याच्या वेड्या बायकोला घरच्यांनी कोंडून ठेवलंय, आणि त्याच्या हातून ती मरते. तिची जिप्सी बहीण मॅग्डा त्याला शाप देते, पौर्णिमेला लांडगा होशील, तू आणि तुझा वंश. आणि मग तिला कळतं की मेलेल्या बहिणीने क्वेंटिनच्याच जुळ्यांना जन्म दिला होता. म्हणजे शाप तिच्या स्वतःच्या भाच्यांवर पडला. मॅग्डा झालेल्या ग्रेसन हॉलचा तो चेहरा बघावा. बहिणीसाठी घेतलेला सूड बहिणीच्याच रक्ताला डसतो, आणि एका प्रवेशात खलनायिकेची शोकनायिका होते. इथे बढती प्रेक्षकांच्या पत्रांनी दिलेली नाही, कथेच्या आतून आली आहे. म्हणूनच ती इतकी पक्की बसते.

शाप उतरवायला मॅग्डा एक तोडलेला हात चोरून आणते. त्या हातात अफाट शक्ती, पण त्याचा मालक काउंट पेटोफी अजून जिवंत आहे आणि तो हात शोधत येतो. थेअर डेव्हिडने या मालिकेत मॅथ्यू मॉर्गनसकट कितीतरी भूमिका केल्या. पेटोफी त्या सगळ्यांच्या वर. कुरळे केस, जाड चष्मा, मऊ आवाज, आणि आपल्याला हवं ते सगळं मिळणारच अशी खात्री. तो क्वेंटिनचं शरीर पळवतो, आपला आत्मा त्यात घालतो, जेणेकरून भविष्यात पळून जाता येईल. त्याच्यासमोर क्वेंटिन, अँजेलिक, मॅग्डा, बार्नाबस सगळे एका बाजूला आले. चार माजी खलनायक मिळून पाचव्याशी लढतात, यापुढे सूत्र ताणता येणार नव्हतं.

त्यांनी ताणलं. नोव्हेंबर १९६९मध्ये लेव्हायथन आले. मानवपूर्व काळातले, लव्हक्राफ्टच्या वळणाचे, एका लाकडी पेटीतून जन्मणारे. बजेट नव्हतं म्हणून त्यांचं खरं रूप कधी दाखवलं नाही; नुसता बंद दारामागे श्वासाचा आवाज. आणि बार्नाबसला लेखकांनी त्यांना पुजणाऱ्या पंथाचा थंड, कोरडा पुढारी करून टाकलं. लोकांनी पाठ फिरवली. एक तर या खलनायकांना काही हवंच नव्हतं; जगावर राज्य ही इच्छा नव्हे, ते नुसतं धोरण. अँजेलिकला प्रेम हवं होतं, पेटोफीला हात हवा होता. दुसरं म्हणजे अडीच वर्षं प्रेक्षकांनी ज्याला वर चढवलं त्याला लेखकांनी न विचारता खाली ढकललं. मालिकेने घाईघाईने त्या पंथाचा नेता जेब यालाही प्रेमात पाडून कडेलोटाला पाठवलं. तोपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं.

दरम्यान कर्टिसला त्याचा मूळ खलनायक परत मिळाला, पण सिनेमात. १९७०च्या ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’मध्ये बार्नाबसला शाप-पश्चात्ताप काही नाही. तो जूलियालाही मारतो आणि शेवटी मरतो, जसं १९६७ साली ठरलं होतं तसं. हा चित्रपट न्यूयॉर्कजवळच्या लिंडहर्स्ट वाड्यात चित्रित होत होता तेव्हा फ्रिडला मालिकेसाठी वेळ नव्हता. म्हणून मालिकेत समांतर काळ नावाची एक खोली निघाली, तिच्यात शिरलेला बार्नाबस पकडला गेला, आणि कित्येक भाग शवपेटीत साखळ्यांनी जखडलेला पडून राहिला. कथेतली कलाटणी म्हणून प्रेक्षक ज्याकडे श्वास रोखून बघत होते, ते एका नटाच्या रजेचं कारण होतं. अशी उदाहरणं पुढे बरीच भेटतील. त्यामुळे कलाटणीची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. अडचणीतून सुचलेल्या कित्येक कलाटण्या ठरवून केलेल्यांपेक्षा सरस आहेत.

वाचता वाचता कोणाला बघायची इच्छा झालीच तर बार्नाबसच्या आगमनापासून सुरुवात करावी, म्हणजे भाग २१०. पहिले २९४ भाग कृष्णधवल आहेत, त्यानंतर रंग येतो आणि जरा भडकच येतो. एक भाग सोडून सगळे शिल्लक आहेत, ही त्या काळच्या दुपारच्या मालिकांच्या मानाने नशिबाचीच गोष्ट. भराभर एका बैठकीत बघू नयेत. रोज एक, फार तर दोन. त्या चुकांना हसावं, पण लवकर हसून घ्यावं, कारण मध्येच कोणीतरी असं काही करून जातं की हसू ओठावरच थांबतं.

मालिकेच्या शेवटाकडे, १८४०च्या कथेत, लामार ट्रास्क अँजेलिकला गोळी घालतो. तोवर तिने आपल्या शक्ती सोडून दिलेल्या असतात. बार्नाबस तिच्याजवळ पोहोचतो आणि आपलं प्रेम तिच्यावरच होतं हे त्याच्या तोंडून निघतं तेव्हा ती गेलेली असते. ज्या बाईला दोष देण्यासाठी चार महिने अठराव्या शतकात काढले, तीच नायिका ठरली. आता बढतीला कोणी उरलं नव्हतं. उरलेले भाग १८४१च्या समांतर काळात गेले. फ्रिड त्यात ब्रॅमवेल नावाचा साधा, रागीट प्रेमिक झाला. बार्नाबस परत आला नाही, आणि प्रेक्षकही फारसे आले नाहीत.

शेवटच्या शुक्रवारी, २ एप्रिल १९७१ रोजी, मेलनी नावाच्या तरुणीच्या मानेवर दाताच्या खुणा सापडतात आणि घरात व्हॅम्पायरचा संशय कुजबुजला जातो. मग थेअर डेव्हिडचा आवाज निवेदन करतो: व्हॅम्पायर वगैरे काही नव्हतं, त्या खुणा खरोखरच एका जनावराच्या होत्या, मुलगी बरी झाली, सगळ्यांचं पुढे भलं झालं. व्हॅम्पायरच्या जिवावर तगलेल्या मालिकेने जाताना व्हॅम्पायर नसल्याचा खुलासा केला. सोमवारी दुपारी चार वाजता त्या वेळेत ‘पासवर्ड’ हा शब्द ओळखण्याचा खेळ सुरू झाला.